प्रकृती वनात उलट दिशेने चालू देण्याबाबत

प्रति,
मा. पंचायत सचिव साहेब,
ग्रामपंचायत कार्यालय, कोरटखेड,
मंडळ जैनथ, जिल्हा आदिलाबाद.

अर्जदार: लक्ष्मण गणपत दुर्गे, निवृत्त शिक्षक (मराठी माध्यम), जुनी वस्ती, कोरटखेड.

विषय: गावच्या प्रकृती वनातील (पंचायतीच्या बागेतील) फिरण्याच्या गोल वाटेवर उलट दिशेने चालण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ: वनाच्या फाटकावरील नियमांची पाटी.

महोदय,

१. वरील अर्जदार सविनय कळवतो की, नोकरीत असताना त्याने गावातल्या पुष्कळ लोकांचे अर्ज लिहून दिले. स्वतःसाठी लिहिलेला हा पहिलाच. त्यामुळे मुद्दा सोडून काही लिहिले गेल्यास साहेबांनी तेवढ्या ओळी न वाचता पुढे जावे. अर्जदार घरात, पुस्तकांत रमणारा माणूस आहे. तक्रार करण्याची त्याला सवय नाही, आणि ही तक्रार आहे की नाही याबद्दलही त्याची खात्री होत नाही.

२. फाटकावरची पाटी तेलुगूत आहे. अर्जदाराचे तेलुगू बाजारापुरते असल्याने त्याने ती अक्षरे लावून वाचली आणि वॉचमन नागेश यांच्याकडून अर्थ पक्का करून घेतला. तो असा: वाटेवर सर्वांनी पाण्याचे टाके उजव्या हाताला ठेवून एकाच दिशेने चालावे. चालताना थांबू नये. दोघांनी जोडीने चालू नये. मागे वळून बोलू नये. बाकावर फक्त दमलेल्या माणसाने बसावे. हसण्याचा व्यायाम कडुनिंबाखालीच करावा.

समोरासमोर चालणाऱ्या दोन बायांची धडक होऊन एकीचा मोबाईल टाक्यात पडला, त्यानंतर हे नियम झाले असे समजते. अर्जदाराला त्या बाईंबद्दल वाईट वाटते. माणूस दमला की नाही हे नागेश ठरवतात, आणि अर्जदाराला ते पाहताक्षणी दमलेला ठरवतात. त्यामुळे बाकाच्या नियमाचा त्याला काही जाच नाही. जाच आहे तो पहिल्या चार नियमांचा.

३. त्याचे कारण घरगुती आहे, आणि ते सरकारी कागदावर लिहावे की नाही या विचारात हा अर्ज दोनदा फाडला गेला. अर्जदाराची मुलगी अर्पिता याच गावात, बस थांब्यापलीकडच्या नव्या वस्तीत, नागोराव मुनेश्वर यांच्या घरी दिलेली आहे. तिला मुलगी झाली. नामकरणाला आईकडच्यांनी पाळणा न्यावा या रीतीप्रमाणे अर्जदाराचा मुलगा हर्षदीप नवा सागवानी पाळणा ऑटोत घालून घेऊन गेला. पण विहीणबाई चंपाबाई यांनी आपल्या घरचा जुना पाळणा आधीच टांगून ठेवला होता. त्यांची मुले त्यातच वाढली होती. बाळ कोणत्या पाळण्यात घालायचे यावरून शब्दाला शब्द लागला. दोन्ही पाळणे रिकामे, बाळ आईच्या मांडीवर, आणि बाळाचे नाव घ्यायच्या आत हर्षदीप आपला पाळणा परत ऑटोत घालून निघाला. अर्जदार चपला हातात घेऊन दारात उभा होता. तोही निघाला.

४. तेव्हापासून दोन्ही घरांचे जाणे-येणे आणि बोलणे बंद आहे. अर्जदाराच्या फोनमधून मुलीचा नंबर मुलाने काढून टाकला. तो अर्जदाराला पाठ आहे, आणि एकदा त्याने लावलाही. पण पलीकडून चंपाबाईंचा आवाज आल्यावर त्याने फोन ठेवून दिला. गावात कोणाला काही विचारावे, तर मास्तरांनी विचारले हीच बातमी आधी घरी पोचते.

५. व्याही नागोराव हे संध्याकाळी वनात फिरायला येतात. अर्जदारही येतो. वन रस्त्याला लागून असल्यामुळे समोरच्या हॉटेलात बसलेल्यांना आतले सगळे दिसते. दोघे मिळून फिरताना दिसले असते तर दोन्ही घरांत पुन्हा आग लागली असती. म्हणून अर्जदार एका दिशेने चालायचा, आणि नागोराव, कोणी काही न ठरवता, दुसऱ्या दिशेने. समोरासमोर आले की नागोराव पाय न थांबवता एक वाक्य बोलत. पहिल्या दिवशी म्हणाले, “नाव शीतल ठेवलं.” अर्जदाराला नातीचे नाव असे कळले. पुढे कधी, “पालथी पडाले लागली.” कधी, “खालचा दात आला.” कधी, “लेकीची काळजी नका करू, बरी हाय.” नागोराव मुळात कमी बोलणारे. एका भेटीत एक वाक्य, उरलेले पुढच्या भेटीत. दूध पीत नाही असे ऐकून अर्जदार निम्मी वाट जीव मुठीत धरून चालायचा, आणि पुन्हा समोर आल्यावर कळायचे की बाटलीने पीत नाही, वाटीने पिते.

नातीचे जे काही अर्जदाराला माहीत आहे ते सारे एवढ्यावरच आहे. त्याने तिला नामकरणाच्या दिवशी पाहिले ते शेवटचे.

६. नियम झाल्यापासून दोघेही टाके उजव्या हाताला ठेवून चालतात. नागोरावांचे पाऊल लांब, अर्जदाराचा गुडघा धरलेला. त्यामुळे अर्जदाराला त्यांची पाठ दिसते, आणि तीही वळणापर्यंतच. एका संध्याकाळी धीर करून अर्जदार उलट निघाला. नागेश यांनी शिटी वाजवली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “मास्तर, उलटे काऊन चालून राह्यले? तुमीच तं आमाले वाचाले शिकोलं, अन् पाटी तुमालेच वाचता येत नाई का?” बाकावरची मंडळी हसली, तीही कडुनिंब सोडून. नागेश यांची चूक नाही. ते कामच करत होते. अर्जदार तिथूनच सुलटा झाला.

७. गेल्या सोमवारी नागोराव मागून आले आणि पुढे जाता जाता म्हणाले, “छोटीले आदिलाबादच्या दवाखान्यात नेलं.” अर्जदाराने स्पष्ट ऐकले. पुढचे वाक्य ऐकायला त्याने पाऊल उचलले, पण गुडघ्याने साथ दिली नाही. पुढे जाऊन नागोराव रेंगाळले. ते चपला घालतात, त्यामुळे लेस बांधण्याचेही निमित्त नव्हते. पायात काटा गेल्यासारखे करून ते वाकले. शिटी वाजली. ते एकदा मागे पाहून चालू लागले, आणि अर्जदार वळणावर पोचेपर्यंत फाटकाबाहेर गेले होते. तेव्हापासून ते वनात आलेले नाहीत.

८. तरी नम्र विनंती अशी की, अर्जदारास एकट्याला उलट दिशेने चालण्याची परवानगी द्यावी. तो कुंपणाला लागून चालेल, समोरून कोणी आल्यास गवतात उतरेल, आणि मोबाईल घरी ठेवून येईल. कार्यालयाने सांगितल्यास परवानगीची फीत दंडाला बांधेल. हे शक्य नसल्यास वळणावर क्षणभर थांबू द्यावे. तेही शक्य नसल्यास…

९. इथपर्यंत लिहिल्यावर अर्जदाराच्या ध्यानात आले की नागोराव येतच नाहीत, तर परवानगी मिळूनही उपयोग नाही. समोरून यायलाच कोणी नाही. विषयाची ओळ बदलायला हवी होती. पण आता तिसऱ्यांदा कागद फाडण्याचा धीर नाही.

१०. काल अर्जदार नव्या वस्तीकडे निघाला होता. नागोरावांच्या गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान आहे. तिथून त्यांचे दार दिसते. दार लावलेले होते. दुकानदाराने काय पाहिजे विचारले, तेव्हा अर्जदाराने चहापत्ती घेतली आणि तो घरी आला. घरी चहापत्ती होती.

११. अर्जाचा निकाल लागायला वेळ लागतो हे अर्जदार जाणतो. नियमांचे काय ते सवडीने ठरवावे, किंवा ठरवू नये. पण साहेब घरपट्टीच्या कामाने त्या गल्लीत जात असतात आणि साहेबांना पाहून कोणी दार लावून घेत नाही. आज संध्याकाळी कार्यालय सुटल्यावर साहेबांनी अर्जदारासोबत तेवढ्या दारापर्यंत यावे. अर्जदार कार्यालयाच्या पायरीवर बसलेला असेल. साहेबांनी काही बोलण्याची गरज नाही. कडी अर्जदार स्वतः वाजवील. आपण फक्त तो परत फिरणार नाही अशा बेताने, त्याच्या मागे उभे राहावे.

पायरीवर वाट पाहणारा,
आपला नम्र

(सही)
लक्ष्मण गणपत दुर्गे

कोरटखेड,
दिनांक: १४ ऑगस्ट २०२५

सोबत: आधार कार्डाची प्रत.