मुक्तीच्या नोकरीच्या तीन पायऱ्या

३ मे १९७४
आज लई आनंद. नातीची नोकरी झाल्यातच जमा.
आमची मुक्ती बी.ए., बी.एड. गल्लीतल्या शाळेत नवी पोस्ट निघालीया. कच्च्या पोरांच्या तीन पायऱ्या करणार म्हणं. पहिल्या पायरीच्या पोराला वर्गातच जरा ज्यादा समजवायचं. दुसरीच्या चार-पाच जणांना शाळा सुटल्यावर बसवायचं. तिसरीचं पोर म्हंजे पार अडलेलं, त्याच्यासंगं एकट्यानं बसायचं, त्याच्या आईबापाला घरी जाऊन भेटायचं. ह्या सगळ्यावर देखरेखीला एक माणूस घेणार. दुसरं कोण असंल? मुक्तीच की. आमच्या वक्ताला असल्या पायऱ्या असत्या तर म्या दुसरीतनं शाळा सोडली नसती, आज कलेक्टरीण असते.
लेक महिपती म्हणतो, गिरणी आठवड्यातनं तीनच दिवस चालती, जूनपातूर पोरीला नोकरी न्हाय लागली तर तिला करकंबला मामाकडं धाडतो. तितं शेतावरल्या गड्यांच्या भाकरी थापायच्या. म्या म्हटलं, मी हाय की.

४ मे
मुक्तीनं बजावलं, कुणाच्या घरी जाऊन शब्द टाकायचा न्हाय. म्या देवाम्होरं कबूल केलं. आजपास्नं तोंडाला कुलूप.

५ मे
शब्द टाकायला गेले न्हाय. शेंगाची चटणी द्यायला गेले. वाटंत शाळंच्या चेअरमनचं, चनबसप्पाअण्णांचं घर लागलं, त्याला मी काय करणार.
त्यांची आई अव्वा मैंदर्गीची. माझं माहेर बी तिकडलंच. दोन शब्द कानडी बोलले, बाई विरघळली. चटणीत लसूण कमी म्हणाली, ते सोडा. मग विचारलं, नातीचं लगीन कवा?
आता खरं म्हंजे मुक्तीला अजून कुणी विचारलेलं न्हाय. उंच हाय, त्यात शिकलेली. पण असं सांगितलं तर पोरीत खोट दिसती. म्हटलं, मंगळवेढ्याचं स्थळ हाय, काळी जमीन, ज्वारीची पेवं भरल्याली, घाई त्यांचीच. अव्वाचा चेहरा फुलला. चांगल्या घरची पोर हे कळलं, अजून काय पायजे.

८ मे
म्या बी शाळंच्या कमिटीच्या तीन पायऱ्या केल्या. पहिली अव्वा, ती सर झाली. दुसरी हेडमास्तर हाशमसरांची बायको शमशाद. तिसरी खुद्द अण्णा.
आज शमशादकडं. चहा पाजला, बिस्कुटं दिली. लडका क्या करता, म्हणाली. बँकेत हाय, म्हटलं. वाटंत ध्यानात आलं, अव्वाला शेती सांगितली व्हती. असू दे की, दोन भाऊ असतील.

१४ मे, सांजचं
तिसरी पायरी. अण्णा देवळातनं निघताना गाठ पडली. त्यांनी आपणहून लग्नाचं काढलं. म्या म्हटलं, दिवाळीत बार उडवायचा. मग पोर मंगळवेढ्याला राहणार का, असं त्यांनी विचारलं. राहणारच की, नवऱ्याच्या घरी न्हाय तर कुटं? अण्णांनी मला हात जोडले. एवढा मोठा माणूस हात जोडतो, म्हंजे काम फत्ते. शंभर टक्के.
घरी कुणाला बोलले न्हाय. सरप्राईज.

२० मे
मुक्तीचा इंटरव्ह्यू. गोड शिरा केला.
पोर आली ती जेवलीच न्हाय. शिकवण्याचं फार विचारलं न्हाय म्हणं, सारखं लग्नाचंच. ठरलेलं न्हाय असं हिनं सांगितलं, तर सगळे एकमेकांकडं बघून हसले. अण्णा म्हणाले, बाळ, लपवायचं कशाला?
मी लई खूश. कमिटी हसली म्हंजे पसंत. रडवून का कोण नोकरी देतं? शिरा म्याच संपवला.

२९ मे
मैंदर्गीचा एक मास्तर घेतला. लग्न झालेला, दोन पोरांचा बाप. वशिला, दुसरं काय. आमी साधी माणसं.
हाशमसर स्वतः घरी आले. भला माणूस. उंबऱ्यातच उभं राहून बोलले, मुक्तीच सगळ्यांत चांगली व्हती. पण तिसऱ्या पायरीचं पोर एका माणसाला सरावतं, माणूस बदलला की ते परत मागं जातं. दिवाळीत जाणारी बाई घेऊन कसं भागंल?
महिपतीनं विचारलं, कोण जाणार दिवाळीत?
सरांनी माझ्याकडं बघितलं. मी दूध बघायला आत गेले.

३० मे
मुक्तीनं पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली. महिपतीनं करकंबला निरोप धाडला. त्यात मामीचा हात मोडलाय, म्हंजे पोर लवकर परत यायची न्हाय. बदल म्हणून बरं असतं तसं. गावाकडं हवा चांगली.
आजपास्नं कुणाच्या घरी जायचं न्हाय. ह्या वेळंला खरंच.

१ जून
सकाळी मुक्ती ट्रंक भरत व्हती. अव्वाची मोलकरीण आली, हातात नारळ अन् खण. अव्वानं नवरीला केळवणाला बोलावलंय, शुक्कीरवारी. पुरणपोळी करणार हायत. मुलाचं नाव काय, ते बी विचारलंय, पानाभोवती रांगोळीत घालायला.
खण हिरवा, लई नामी. मुक्तीनं तो मांडीवर घेतला, सरळ केला. मग म्हणाली, "आजी, काय नाव सांगू?"
मोलकरीण दारात उभी. महिपती बी उभा.
मला एक बी नाव सुचलं न्हाय.