जावांग

चामटोली,
गुरुवार, १४ नोव्हेंबर २०२४

विठाला कौसाबाईचा नमस्कार.

मी थोरली जाऊ, तू धाकटी, म्हणजे रिवाजाप्रमाणे आशीर्वाद लिहायचा. पण हात धजला नाही, म्हणून नमस्कारच. आम्ही इथे सगळी बरी आहोत, माझा डावा गुडघा सोडून. मधुभावजी एमआयडीसीतून रिटायर झाले असं ऐकलं. अंबरनाथला तुमच्या बिल्डिंगीत लिफ्ट बसली तेही ऐकलं. ऐकते सगळं, विचारत कुणाला नाही.

फोन करणार होते. पण तू आवाज ओळखून कट केलास तर? कागद कट होत नाही. फार तर फाडशील, पण फाडायच्या आधी माणूस दोन ओळी वाचतंच. आणि अक्षर तुला लागेल, तूच शिकवलेलं आहे. दुसरीतून शाळा सुटलेली बाई मी, चुलीपुढच्या राखेत बोटानं गिरवून घेतलंस तू माझ्याकडून.

तर मुद्दा. मुद्दा म्हणजे फुलं.

कैलासची मुलगी जिज्ञासा, तू हे घर सोडलंस तेव्हा जन्मलीही नव्हती, ती आता उल्हासनगरच्या कॉलेजात झाडांचं शिकते. पन्नास झाडांची फुलं वाळवायची, कागदावर चिकटवायची आणि खाली नाव, गाव, कुळ लिहायचं, असा त्यांचा अभ्यास. सांगते तुला, घराचं रान झालंय! कैलास झोपायला गेला की गादीखाली टाकळा. पाटा महिनाभर वाटणाला मिळालेला नाही, त्याच्याखाली अंबाडी दाबून ठेवलीय. सूनबाई रोज बडबडते. मला मात्र मजा वाटते गो. जन्मभर फुलं तोडली, वाहिली, केसांत माळली, पण एकही उघडून बघितलं नव्हतं.

पहिल्या दिवशी ती पोळपाटावर जास्वंद ठेवून ब्लेडनं उभी चिरायला बसली. मी म्हटलं, "देवाच्या फुलाची भाजी करतेस की काय?"

"आजी, बघ तर. हे बाहेरचं हिरवं, ते निदलपुंज. मग पाकळ्या, तो दलपुंज. मधली दांडी, तिच्यावर पिवळे दाणे, ते पुमंग, म्हणजे पुरुष. आणि पार आत, ते जायांग."

मी ऐकलं, जावांग.

म्हटलं, "फुलातही जावा असतात काय गो?"

पोरगी हसून हसून लोळली. जाया म्हणजे बायको म्हणे, म्हणून जायांग. पण मी हट्टाला पेटले. भेंडी आडवी कापून तिच्यापुढे धरली. "ह्या बघ पाच खोल्या, एका भिंतीला पाठ लावून. एकेका खोलीत एकेकीची पोरं. ह्या जावा नाहीत तर कोण?" ती म्हणाली, "आजी, ह्याला अंडाशय म्हणतात, पण तुझं चुकलेलं नाही." आता घरात सगळे जावांगच म्हणतात. तिच्या तोंडून कॉलेजात सरांपुढेही तोच शब्द गेला आणि सगळा वर्ग हसला.

अजून ऐक. बीच्या डाळीवरूनही मोठे दोन तट पडतात, एकदल आणि द्विदल. ते मी न शिकता ओळखलं. वाल दुभंगतो, तांदूळ दुभंगत नाही. "ज्याची डाळ होते ते दोन दलांचं," मी म्हटलं, तर म्हणते, "सरांना हे सांगायला अर्धा तास लागला होता." मला इतका फुगारा आला की दोन दिवस भात ढवळताना कुणाशी बोलले नाही.

आणि झेंडू! झेंडू म्हणजे एक फूल नव्हेच. आपण पाकळी समजतो ती एकेक आख्खं फूल. म्हणजे दसऱ्याला एक झेंडू वाहिला की देवाला शंभर पोचतात. स्वस्तात झालं की!

कुळांचं तर विचारूच नको. वांगं, मिरची आणि धोतरा एका कुळातले. मी भांडले, "त्या विषारी मेल्याला वांग्याच्या घरात कुणी घेतलं?" ती म्हणते, "आजी, कुळ गुणावरून नाही ठरत, फुलाच्या घडणीवरून ठरतं. आधी फूल उघडायचं, मग बोलायचं."

आधी फूल उघडायचं, मग बोलायचं.

आता वालाच्या पेरणीचं लिहिणार होते, भात कापून झालाय, वाफे तयार आहेत. पण चार पानं झाली आणि ज्यासाठी बसले ते बाजूलाच राहिलं. लिहिते.

जूनमध्ये मी मागीलदारी पपईची चार रोपं लावली. गेल्या सोमवारी कैलास कोयता घेऊन मागे गेला. चारांतल्या एका झाडाला दोरीसारखे लांब लांब गजरे लटकले होते, बारीक पांढरी फुलं, वास गोड. तुला आठवतं ना असलं झाड? कैलास म्हणाला, "हे फुकट माती खातंय, काढतो." तेवढ्यात जिज्ञासा आतून ओरडत धावली, "पप्पा, नको! तो नर आहे!"

मग तिनं तिथेच उकिडवं बसून दोन फुलं चिरली. पपईत नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं. गजऱ्यातल्या फुलात पुंकेसर दहा, जायांग नावापुरतं. दुसरं फूल खोडाला चिकटलेलं, त्याच्या पोटात गोळा, पण पुंकेसर एकही नाही. मी विचारलं, "मग ह्या गजऱ्याच्या झाडाला फळ कधीच नाही?"

"कधीच नाही. कुणीही लावलं, कितीही पाणी घातलं तरी नाही."

"आणि हे तोडलं तर?"

"तर बाकीच्या तिघींना पराग कुठून मिळणार? जवळपास दुसरा नर नसेल तर त्यांनाही धड पपई धरणार नाही, आजी."

मी तिथेच पायरीवर बसले. पोरगी म्हणाली, "काय झालं?" म्हटलं, काही नाही, गुडघा.

विठा, सव्वीस वर्षांपूर्वी आपण दोघींनी एकाच पपईच्या बिया एकाच दिवशी लावल्या. माझ्या झाडाला बाविसेक पपया लागल्या, तुझ्या झाडाला नुसते गजरे. आणि हळदीकुंकवाला आलेल्या बायकांपुढे मी बोलले, "तिच्या हाताचं झाडही वांझच." तुझ्या लग्नाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. तुझ्या हातातला ताट पुसायचा फडका खाली पडला, तो तू उचलला नाहीस. तो अजून मला दिसतो.

एवढंच असतं तरी पुष्कळ होतं. पण पुढचं तुला ठाऊक नाही. तू माहेरी गेलीस आणि परत येऊन बघतेस तर झाड आडवं. मी सांगितलं, वाऱ्यानं पडलं. वाऱ्यानं नाही पडलं. मी तोडलं. ते झाड बघितलं की माझंच बोलणं मला ऐकू यायचं, म्हणून तोडलं. कैलास दहावीत होता, त्यालाही खोटंच सांगितलं.

आणि पुढच्या साली माझ्या झाडाला लिंबाएवढ्या पोचट पपया लागल्या, तेव्हा मी म्हटलं, विठानं दृष्ट लावली. आळीभर सांगितलं. त्या महिन्यात तुम्ही सामान बांधलंत.

तुझ्या झाडावर माझं झाड फळत होतं, विठा. मी तेच तोडलं आणि नाव तुझं घेतलं.

अजून एक डोक्यात येतं. मूल होत नाही म्हणून कल्याणपर्यंत डॉक्टरांकडे तुलाच नेलं, तुलाच उपास धरायला लावले. मधुभावजींना एकदा तरी तपासा, असं घरात कुणी म्हटलं नाही. मीही नाही.

माफ कर असं लिहिलं होतं, ते खोडलं. माफी मागितली की समोरच्यावर द्यायचा भार पडतो. तू नुसती एकदा येऊन मला तोंडावर शिव्या दे. पत्र जिज्ञासाच्या हाती पाठवतेय, तिला आतलं काही ठाऊक नाही. तिला चहा दे, साखर कमी.

कोयता मी तांदळाच्या पिंपात लपवलाय. कैलास शोधतोय.

कौसाबाई


चामटोली,
शुक्रवार, २२ नोव्हेंबर

विठा गो,

पोरीनं सगळं सांगितलं. तू उभ्यानंच पत्र वाचलंस, एकदा, मग चष्मा पुसून परत. मग तिला चहा दिलास, साखर भरपूर. मग म्हणालीस, "तुझी ती फुलांची वही दाखव." दीड तास बघत होतीस म्हणे, आणि मधुभावजींना हाक मारून झेंडू दाखवलास. त्यांना शंभर फुलांचं पटेना.

तिच्या हाती दिलेली तुझी चिठ्ठी मी शेगडीजवळ उभी राहून वाचली. दूध उतू गेलं. "वाऱ्यानं पडलेल्या झाडाच्या बुंध्यावर कोयत्याचे चार घाव नसतात. मला त्याच दिवशी दिसलं होतं. तू कधी सांगतेस ते बघत होते." अगो बाय! सव्वीस वर्षं तुला ठाऊक, आणि मी सव्वीस वर्षं तुझ्यापासून लपवत बसले! मी पिंपावर बसून रडले, मग हसले, मग सूनबाई आली आणि घाबरली. तिला सगळं सांगितलं. कैलासलाही सांगितलं. तो म्हणाला, "आई, म्हणून माझा कोयता तांदळात गेला काय?"

वेलांट्या अजून उलट्या काढते असं लिहिलंस. काढते. शिकवणारी निघून गेली त्याला मी काय करू.

आणि तुझी अट कबूल. तो शब्द ह्या घरात पुन्हा कुणी म्हणणार नाही, बाईला नाही आणि झाडालाही नाही. जिज्ञासा म्हणते, झाडांच्या शास्त्रात तसलं काही नसतंच. प्रत्येक झाडाचं नाव असतं, कुळ असतं, बस्स.

परवा रविवारी ये. मधल्या पपईला चार गोळे धरलेत, अंगठ्याएवढे. पिकायला होळी उजाडेल. नुसती पिशवी घेऊन येऊ नको, कपडे घेऊन ये. बदलापूर स्टेशनाबाहेर रिक्षा मिळते. नवी वस्ती झालीय, वाट ओळखू येणार नाही, रिक्षावाला विचारेल, चामटोलीत कुणाकडे? कैलासकडे म्हणू नकोस, माझ्याकडेही म्हणू नकोस. घरी चाललेय म्हण.

तुझी जाऊ,
कौसा