तापातलं बोलणं

ता. ३, मंगळवार
खोली मिळाली एकदाची! दादा म्हणाला होता, नव्या गावात महिनाभर वणवण करशील. मी तासाभरात बस्तान मांडलं. वरचा मजला, पूर्वेची खिडकी, नकाशे पसरता येतील एवढं टेबल. मालकीणबाई एकट्याच राहतात. मी ‘काकू’ म्हणाले तशा हसून म्हणाल्या, चालेल. मोजणी कार्यालय पायी दहा मिनिटांवर. उद्यापासून मोजणीची दुर्बीण घेऊन माळावर. कंबरेएवढं गवत आहे म्हणे. असेना, बूट नवेकोरे आहेत.

ता. १९, गुरुवार
पंधरवडाभर वहीला हात लागला नाही. बूट काय कामाचे, गोचीड चिकटली ती कानामागे! तापाने पार होरपळून काढलं. डॉक्टरीणबाईंनी चिमट्याने ती उपटली आणि दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या. काल शेवटची घेतली. ताप उतरलाय, पण पायांत त्राण नाही आणि जीव एका जागी ठरत नाही. बसले की उठावंसं वाटतं, उठले की भोवळ. काकूंनी सख्ख्या आईसारखं केलं. म्हणे, उशाशीच बसून असायच्या.

ता. २१, शनिवार
काकूंनी विचारलं, तापात काय बोलत होतीस आठवतं का. मला काहीच आठवत नाही. त्यांची मुलगी याच खोलीत तापाने गेली, नऊ वर्षांपूर्वी. मी म्हणे हुबेहूब तिच्या आवाजात बोलले, ‘आई, पाय चेप गं.’ मी हसण्यावारी नेलं, तापात माणूस काहीही बरळतो. त्या हसल्या नाहीत. माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. गार लागलं तसा त्यांचा चेहरा उतरला.

ता. २३, सोमवार
सकाळपासून खोलीत येरझारा. खिडकीतून पाहिलं तर काकू माझी चादर मागच्या उंच गवतावर पसरत होत्या. अंगणातली दोरी मोकळी असून! विचारलं, तर म्हणाल्या, गवतावर कपडे लवकर वाळतात.

ता. २४, मंगळवार
उशीच्या अभ्र्यात दोन गोचिडी. जिवंत.
धापा टाकत दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्त स्वच्छ आहे, अशक्तपणा आणि ही तगमग अजून काही आठवडे राहील. पण अंथरुणात गोचिडी निघत असतील तर आधी खोली बदला. दादाला पत्र लिहिलं, न्यायला ये म्हणून. काकू म्हणाल्या, मी बाजारात चाललेच आहे, पेटीत टाकते.

ता. २७, शुक्रवार
पत्र पिठाच्या डब्यामागे सापडलं. फोडलेलं.
बॅग भरायला घेतली. वाकले तेव्हा गुडघ्यामागे हाताला काहीतरी लागलं — टच्च फुगलेलं. किती दिवस तिथे —

ता. ३०, सोमवार
ताप. जिना उतरवत नाही. गोळ्या मागितल्या. म्हणाल्या, आणते, आणते, आधी थोडं बोल माझ्याशी. खुर्ची ओढून बसल्यात. खाली रस्त्यावर भरदिवसा माणसं चाललीत. हाक मारते, आवाज खालपर्यंत पोचत नाही —

दुपारी
युक्ती सुचली. काकूला हवंय ते द्यायचं, मग डॉक्टरीणबाईंना बोलावेल. ‘आई’ म्हणाले. रडली. माझे पाय पोटाशी धरून रडली. मी म्हणाले, आई, डॉक्टरांना आण. उठली. दारापर्यंत गेली —
परत आली. विचारलं, शेवटच्या दिवशी तू माझ्याकडे काय मागितलंस, सांग.
मला काय ठाऊक? काहीतरी ठोकून द्यायचं. ‘पाणी’ म्हणणार होते. तोंडातून निघालं, ‘दार उघड म्हणाले होते. मला दवाखान्यात जायचं होतं. तू बाहेरून कडी घातलीस.’
पांढरीफटक पडली. पुटपुटली, तिथे गेलेलं माणूस परत येत नाही गं, म्हणून घातली —

मी हे कुठून बोलले? मला कुणी सांगितलं नव्हतं —

बाहेरून कडी. आत्ताच. जिन्यावर तिची पावलं.
पाच दिवस लागतात. मला माहीत आहे — तिसऱ्या दिवशी तहान लागेनाशी होते, चौथ्या दिवशी ती दाराशी बसून गाणं म्हणते, आणि पाचव्या —