आठवड्याला एक फोटो

कोपरगाव,
१३ मे १९७३

प्रिय गोरक्ष,

आशीर्वाद. आज त्यांच्या मागोमाग भांडणही येतंय, तेव्हा पत्र बसून वाच.

आबासाहेबांची माफी माग, रंगनाथरावांची माग आणि तो कॅमेरा आजपासून बंद कर, असं तू लिहिलंस. लग्न ठरेपर्यंत तरी, असंही खाली बारीक अक्षरात लिहिलंस. या वयात हे काय, लोक हसतात, म्हणतोस. हसू देत की! यंदाच्या दुष्काळात लोकांना हसायला मिळतंय कुठं? माफी मी मागणार नाही आणि फोटोमंडळातली माझी जागाही सोडणार नाही. हे आधीच सांगते, म्हणजे शेवटपर्यंत वाट बघत बसायला नको.

तुला आबासाहेबांनी त्यांच्या सोयीचं तेवढंच कळवलंय, म्हणून मुळापासून सांगते. आपल्या शेजारच्या मुबारकबीचा नूरमहंमद फोटो स्टुडिओ चालवतो. त्याच्या अंधारखोलीला मी दुहेरी अस्तराचा काळा पडदा शिवून दिला. तो द्यायला गेले तर दाराशी फळा. त्यावर दर सोमवारी एक विषय लिहितात, आणि मंडळातल्या बाराजणांनी आठवडाभरात त्यावर एकेक फोटो काढायचा. कॅमेरा एकच, डब्यासारखा. रोल एकच, त्यात बारा फोटो. कॅमेरा घरोघर फिरतो. आपला फोटो काढला की मागच्या तांबड्या खिडकीत पुढचा आकडा येईपर्यंत चावी फिरवायची, मग पुढच्या घरी द्यायचा. वायरमन होता, कंपाउंडर होता, आबासाहेबांसारखे निवृत्त हेडमास्तर होते. एक जागा रिकामी होती. मी विचारलं, मी येऊ का? नूरमहंमद हसला नाही, हे त्याचं मोठेपण. म्हणाला, "या की मावशी. पन एकच बार हाय तुमचा. चुकला तर आठवडा गेला." माझा नंबर अकरावा लागला, आबासाहेबांच्या लगेच मागे.

पहिल्या आठवड्यात माझ्या अंगठ्याचा फोटो आला. तोही त्याने काचेत लावला, कारण नियमच तसा, बरे-वाईट सगळे लावायचे. मग मात्र मी चंग बांधला. पहाटे उठून पाण्याचं बघायचं, दुपारी मशीनवर बसायचं आणि मधल्या वेळात डोळे उघडे ठेवून हिंडायचं. अरे, सत्तावीस वर्षं मी या गावात खाली बघून चालले. गाव कसं दिसतं ते मला आत्ता कुठं कळतंय.

आता ती गाढवाची गोष्ट. विषय होता 'ऐट'. आबासाहेबांनी त्यांच्या घरी आलेल्या रंगनाथरावांना फेटा बांधून खुर्चीत बसवलं आणि फोटो काढला. तुझ्यासाठी रंगनाथरावांची मुलगी आबासाहेबांनीच सुचवलीय, तेव्हा पाहुण्यांची बडदास्त ठेवणं आलंच. मी वीटभट्टीवरची एक पोर टिपली. फाटका परकर, पण गाढवावर अशी बसली होती की तहसीलदारसुद्धा बाजूला झाला असता. रविवारी रोल धुतला तर दोन्ही फोटो एकावर एक! रंगनाथरावांच्या फेट्यातून गाढवाचे दोन कान वर आलेले आणि खांद्यावर ती पोर मांड ठोकून बसलेली. नियमाप्रमाणे तोही काचेत लागला, आणि सोमवारच्या बाजाराला आलेल्या सगळ्यांनी बघितला.

आबासाहेब भर चौकात म्हणाले, बाईमाणसाच्या हातात यंत्र दिलं की असंच व्हायचं. गोरक्ष, माझा फोटो त्यांच्या फोटोवर पडला, म्हणजे चावी फिरवायची राहिली ती त्यांची. आकडा मी बघून घ्यायला हवा होता, एवढं कबूल. पण चूक त्यांची आणि माफी मी मागायची, हा कुठला न्याय? मुबारकबी तर म्हणाली, "छबू, माफी मागायचीच तर त्या गाढवाची माग. बिचाऱ्याच्या डोस्क्यावर कुनाचा फेटा बसला!" आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. गाढवाच्या कानांवरून मोडणारं लग्न असेल तर ते खुशाल मोडू दे. मुलगी चांगली असेल तर तिला सांग, सासू अशी आहे.

काल मात्र हसू आलं नाही. नूरमहंमदने काचेतले जुने फोटो परत द्यायला काढले. माझे चौदा त्याने टेबलावर ओळीने मांडले आणि बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "मावशी, इषय कंचाबी असू द्या, तुमच्या फोटूत एक बारकी पोरगी असतीच. कोन हाय ही?" मी बघितलं. 'पाणी'मध्ये टँकरच्या रांगेत कळशीवर बसलेली. 'चाक'मध्ये सायकलचा टायर पळवणारी. 'सावली'मध्ये खडीच्या कामावर बैलगाडीखाली निजलेल्या भावाला फडक्याने वारा घालणारी. प्रत्येक वेळी वेगळी, पण सगळ्या सहा-सात वर्षांच्या. अंगठ्याच्या फोटोतसुद्धा कोपऱ्यात एक फ्रॉक दिसतोय. मी म्हटलं, योगायोग रे. खोटं बोलले. घरी येऊन दार लावलं आणि पोटभर रडले.

तुझे वडील असताना जे बोलायचं नाही असं ठरलं होतं, ते त्यांच्यामागेही चार वर्षं मी पाळलं. आता नाही पाळणार, म्हणून हे पत्र. तू दहा महिन्यांचा असताना तुला नगरला स्टुडिओत नेलं होतं. तू रडून आकांत केलास. फोटोवाला कंटाळला. तेव्हा मुक्ता कॅमेऱ्याशेजारी जाऊन उभी राहिली आणि तिने खुळखुळा वाजवला. मुक्ता तुझी बहीण, सात वर्षांची. तू खुदकन हसलास आणि फोटो निघाला. मी म्हटलं, दोघांचा मिळून एक काढू या. हे म्हणाले, पोरीचा कशाला? तीन महिन्यांनी ती मुदतीच्या तापात गेली. घरात पुन्हा तिचं नाव काढायचं नाही, असं यांनी सांगितलं, आणि मी ऐकलं. तेवढी माफी मला मागायची आहे, तिची. तिचा चेहरा आता मला नीट आठवत नाही, गोरक्ष. नाक आठवतं तर डोळे निसटतात. म्हणून मी हिंडते आणि हिंडत राहणार. तुझा तो फोटो तू पुण्याला नेलायस ना? तो काढून बघ. त्यात तू कॅमेऱ्याकडे बघतच नाहीयेस. जरा बाजूला बघून हसतोयस. तिथे ती उभी आहे.

तुझीच,
आणि मुक्ताचीही,
आई