लासुर्ण्याच्या चारीतले बाण

रविवार, ५ जानेवारी
आजपासून स्काऊटचं काम माझ्याकडे. सूनबाई अंजली बारामतीत शाळेवर शिक्षिका आहे आणि शाळेचं स्काऊट-गाईडचं पथक तिच्याकडे आहे. पोरांना बागेत नेऊन उघड्यावरचे धडे द्यायचे आणि फेब्रुवारीत नरसिंहपूरला संगमावर तंबूतला कॅम्प. यंदा तिला रविवारी दुसऱ्या ड्यूट्या लागल्यात. म्हणाली, आबा, पोरांबरोबर बागेत थोडं बसाल का. मी हो म्हणालो. म्हणजे नेमणूकच झाली.
आमची बनाबाई म्हणाली, बसायला सांगितलंय ना, मग बसाच. उठून काय करू नका.
बायकोमाणसाला लांबचं दिसत नाही.
सहली नीट पार पडल्या तर कॅम्पला आबाच येतील, असं अंजलीने कबूल केलंय. नाहीतर पीटीच्या सरांना विचारणार. ‘नाहीतर’ हा शब्द तिने उगाच खर्ची घातला. नात मेघना सहावीत आहे, पथकात आहे. शेकोटीपुढे बसून मी एसटीतल्या ड्रायव्हरकीचे किस्से सांगतोय आणि ती मैत्रिणींना म्हणतेय, हे आमचे आबा. बस, एवढंच पाहिजे. दुसरं काही मागणं नाही.

सोमवार, ६ जानेवारी
संकल्प. पहाटे पाचला उठणे. वंदना. मग मोबाईलवर बघून रोज दोन गाठी शिकणे. वाचन. गोड बंद. शाळेत मी सातवीपर्यंतच गेलो, पण पुढचं सगळं माझं मी शिकलो. गाडीसुद्धा. गाठींचं काय एवढं.

मंगळवार, ७ जानेवारी
पावणेआठला उठलो. थंडी फार.

शुक्रवार, १० जानेवारी
रीफ नॉट जमली. अंगणातल्या वाळवणाच्या दोरीला मारून दाखवली. बनाबाईने ओल्या चादरी टाकल्या आणि चादरींसकट दोरी खाली. ती म्हणाली, ही गाठ कुणाची. मी म्हणालो, चादरींचं वजन जास्त आहे. दुसरी गाठ मारली ती सुटेचना, विळ्याने कापावी लागली. म्हणजे मजबूत होती.
युनिफॉर्मचा खर्च वाचला. एसटीतला खाकी ड्रेस ट्रंकेत होता. पोटावरची दोन बटणं लागत नाहीत. स्कार्फ वरून सोडला की कळत नाही.

रविवार, १२ जानेवारी
पहिली सहल, बारामतीतली बाग. पोरं वीसेक. विषय, काडेपेटीशिवाय जाळ. लाकडावर लाकूड घासायला बसलो. बराच वेळ घासलं. लाकूड कोमट झालं. पोरांनी हात लावून खात्री केली. तेवढ्यात बागेचा वॉचमन म्हस्कू आला. तो म्हणाला, तात्या, बागेत जाळ करायचा न्हाय, बोर्ड हाय. मग माझ्याकडे बघून म्हणाला, पण तुमचं असंच चालू द्या, काय भ्या न्हाय.
नंतर भेळ.
मुलं खूष. मला माझ्या मते शंभरात ऐंशी.

रविवार, १९ जानेवारी
दुसरी सहल, तीच बाग. विषय, हरवलेल्या माणसाचा शोध. हरवलेला माणूस मी. पोरांना गेटवर उभं केलं आणि मेंदीच्या कुंपणामागे जाऊन असा लपलो की म्हस्कूलासुद्धा पत्ता नाही. ऊन छान पडलं होतं.
डोळा कधी लागला कळलं नाही. उठलो तेव्हा बाग रिकामी. पोरं शोधून कंटाळली, आईबाप न्यायला आले, पोरांनी सांगितलं की आबा हरवले. अंजलीला कुणाकुणाचे फोन गेले. ती रिक्षा करून आली.
घरी आल्यावर म्हणाली, आबा, तुम्ही पोरांना सांभाळायला गेला होता.
शोधला जाऊ शकलो नाही, म्हणजे लपणं उत्तमच होतं. शोधणारे कच्चे. पण हे तिला आज सांगितलं नाही.

सोमवार, २० जानेवारी
अंजली म्हणाली, अजून एक सहल देते. ती सरळ झाली तर कॅम्पला चला. मेघना मध्येच म्हणाली, आई, आबांना ने ना गं, ते मजा आणतात.
पोरगी गुणाची.
संकल्प. पुढच्या सहलीत झोपायचं नाही. बसायचंही नाही.

बुधवार, २९ जानेवारी
पुढचा विषय, वाटेवरच्या खुणा. दगडांचे बाण मांडायचे आणि मागच्या टोळीने ते बघत पुढच्यांना गाठायचं. त्याला दगड लागतात. बागेत बघायला गेलो, फुलझाडांच्या कडेच्या दोनच विटा उचलल्या तर म्हस्कू म्हणाला, तात्या, ठेवा त्या जाग्यावर.
मग सुचलं. माझी बहीण आक्काबाई लासुर्ण्यात दिलीय. तिच्या घराजवळ गावाने छोटी बाग केलीय, घसरगुंडी आहे, सावली आहे. बागेच्या मागून कालव्याची चारी जाते, शेतांना पाणी नेणारा पाट. सध्या कोरडी. तळाला गोटेच गोटे. असा रस्ता स्काऊटसाठी मुद्दाम बांधूनसुद्धा मिळणार नाही.
आक्काबाई फोनवर म्हणाली, दादा, आवर्तन सुटायचंय, चारीला कवा बी पाणी येईल, पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला इचारून घे. मी म्हणालो, या कालव्याच्या कडेने जन्मभर गाडी चालवली, मला कालवा शिकवू नको. रविवारी पाणी सुटत नाही.

रविवार, २ फेब्रुवारी
यशस्वी. यशस्वी. यशस्वी.
सकाळच्या एसटीने लासुर्णे. अंजलीने दोन पालक बरोबर दिले होते, ते बागेत सावलीत बसले. चारी कोरडी ठणठणीत, म्हणालोच होतो. दगडांचे मोठे बाण केले. कुठे वळायचं, कुठे थांबायचं, सगळं पोरांनी ओळखलं. मग उत्साह वाढला म्हणून चारीला आडवा दगडांचा पूल बांधला. फटींमुळे दगड हलत होते, तर मी म्हणालो, चिखल लिंपा, वर उसाचं पाचट घाला. असा पक्का झाला की मी स्वतः वरून गेलो.
मेघना म्हणाली, आबा, निघताना काढायचा ना. पण एसटी निघायची वेळ झाली होती. म्हणालो, राहू दे, येणाऱ्याजाणाऱ्याला उपयोगी पडेल. आजचं सत्कृत्य झालं.
शंभरात पंच्याण्णव. पाच माझ्या नम्रतेचे कापले.
अंजली हसली. म्हणाली, बॅग भरा आबा.

बुधवार, ५ फेब्रुवारी
कॅम्पची तयारी. टॉर्च, कानटोपी, मलम. किश्श्यांची उजळणी केली. घाटात ब्रेक लागेना तो किस्सा शेवटी ठेवायचा.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
आक्काबाईचा फोन. सोमवारी रात्री चारीला पाणी आलं. बागेमागे कुणीतरी दगडमातीचा बांध घातला होता. पाणी तिथे तुंबलं आणि काठावरून फुटून रस्त्याच्या खड्ड्यात गेलं. चारीच्या शेवटी भागुबाईचा गहू आहे. एकटी बाई, रातभर खोरं घेऊन पाण्याची वाट बघत उभी. आता येईल, मग येईल. उजाडलं, पाळी संपली, पाणी दुसऱ्या चारीला वळवलं. ओंब्यांत दूध भरायचे दिवस. आत्ता पाणी नाही मिळालं तर दाणा चिमणार. ना विहीर, ना बोअर.
आक्काबाई म्हणाली, दादा, तुझी पोरं तिकडंच खेळत हुती ना.
मी म्हणालो, आमचे बाण होते. बाणांनी पाणी अडत नाही.
बाणांबद्दल बोललो, ते खरंच बोललो.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
एवढंसं पाणी इकडचं तिकडे. गहू काटक पीक आहे, असं कुठेतरी वाचलंय.
जेवण गेलं नाही. हरभऱ्याची भाजी बाधली असेल.

शनिवार, ८ फेब्रुवारी
उद्या कॅम्पआधीची शेवटची कवायत. पोरांनी हट्ट धरला, लासुर्ण्यालाच. अंजलीही येणार. मी म्हणालो, बारामतीची बाग काय वाईट आहे, म्हस्कू आपला माणूस आहे. कुणी ऐकलं नाही.
बनाबाईने विचारलं, तोंड का उतरलंय. म्हणालो, गोड बंद केलंय म्हणून. ती म्हणाली, काल दोन लाडू कुणी खाल्ले मग.

रविवार, ९ फेब्रुवारी
लिहावं की नको.
लिहितो. वाचणारा मीच.
लासुर्ण्याच्या बागेत पोरांना रांगेत उभं केलं आणि नियम म्हणवून घेतले. पहिला नियम, स्काऊट विश्वसनीय असतो. पोरं खणखणीत म्हणाली. तेवढ्यात एक म्हातारी बागेत आली. डोक्यावर पदर, पायांवर चिखल वाळलेला. सरळ माझ्यापुढे आली आणि खाकीकडे बघून हात जोडले. म्हणाली, पाटबंधाऱ्याचं सायब का तुमी. मी भागुबाई. चारीच्या टेलाला, शेवटाला माझा गहू हाय. चार घंटं पानी द्या सायब, माझी पाळी अशीच गेली.
आता इथे म्हणायचं होतं, बाई, मी साहेब नाही. एवढंच. तोंड उघडलं आणि बाहेर आलं, बघतो.
ती म्हणाली, चारीत बांध घालताना हात कसं मोडलं न्हाईत त्याचं. कोण असंल वो सायब?
मी म्हणालो, असतात मेंढरंवाले, नाहीतर गावातली उनाड पोरं. चौकशी लावतो.
चौकशी लावतो. आजवर साधं तिकीट चेकर झालो नाही आणि चौकशी लावतो.
मागे बघितलं नाही. पण पोरं गप्प झाली ते पाठीला कळलं. गाडीत पॅसेंजर अचानक गप्प झाले की ड्रायव्हरला कळतं, तसं.
मेघना रांगेतून बाहेर आली. माझ्याकडे बघितलं नाही. भागुबाईंना म्हणाली, आजी, दगड आम्ही ठेवले. पूल केला होता. काढायचा राहिला. हे साहेब नाहीत, माझे आबा आहेत.
भागुबाईने जोडलेले हात खाली घेतले. मग मला म्हणाली, व्हय रं बाबा, तुला ठावं हुतं?
मी म्हणालो, गुरुवारपासून.
शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाली, मेंढरंवाल्यांस्नी मी काल लई बोलले. त्यांचं तान्हं पोर रडत हुतं तरी बोलले.
अंजली झाडाखाली उभी होती. तिने सगळं ऐकलं.

सोमवार, १० फेब्रुवारी
हे कालच लिहायचं होतं, राहिलं. नंतर पोरांनी चारीत उतरून उरलेले दगड काठावर काढले. मी उतरायला गेलो तर एक पोरगं म्हणालं, आबा, तुम्ही बसा. आदराने म्हणालं. तेच बोचलं.
अंजली वरच्या शेतकऱ्याकडे गेली, विजयसिंह त्यांचं नाव, त्यांची विहीर आहे. ते म्हणाले, मॅडम, शुक्रवारी दिवसा लाईट हाय, मोटर चालू करून देतो, पण मला आणि माझ्या गड्याला फॅक्टरीवर ऊस न्यायचाय, दारं धरून पाणी वळवायला माणूस तुमचा. शुक्रवारी सकाळीच पथक कॅम्पला निघणार.
मेघना म्हणाली, आबा जातील.
मला कुणी विचारलं नाही. विचारायचं काही उरलंही नव्हतं.
मेंढरंवाल्यांकडे संध्याकाळी मीच गेलो होतो. मेंढरांचा वाडा हलवून ते पुढच्या गावाला गेले होते. लेंड्या आणि तीन दगडांची चूल तेवढी होती.

मंगळवार, ११ फेब्रुवारी
गल्लीत सांगितलं, गुडघा दुखतोय म्हणून कॅम्प रद्द केला. मी स्वतःहून. पीटीच्या सरांनाही संधी मिळायला पाहिजे.
बनाबाई म्हणाली, कुठला गुडघा. मी डावा म्हणालो. ती म्हणाली, सकाळी उजवा धरून चालत होतात.

गुरुवार, १३ फेब्रुवारी
मेघनाची बॅग भरली. माझी टॉर्च तिला दिली. म्हणाली, थँक्यू आबा. एवढंच. पूर्वी एवढ्यावर थांबत नव्हती.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी. लासुर्णे, बांधावर
सकाळी पहिल्या एसटीने आलो. साधा सदरा, पायजमा. लाईट आली, विजयसिंहांनी मोटर चालू केली आणि ट्रॅक्टरवर बसून गेले. जाताना म्हणाले, जमंल ना तात्या. म्हणालो, लहानपणी दारं धरूनच वाढलो. धरली होती. एकदा.
पहिल्या साऱ्याचं, म्हणजे लांब वाफ्याचं, तोंड फोडलं, पाणी आत गेलं. बरं वाटलं. दुसऱ्याचं फोडलं, पहिल्याचं बुजवायला गेलो तेवढ्यात तिसरं आपोआप फुटलं. पाणी बांधावरून पलीकडच्या पडीक रानात. खोरं घेऊन पळत गेलो तर चिखलात पाय रुतला आणि चप्पल आत राहिली. भागुबाईंच्या वाट्याचं पाणी, पुन्हा माझ्या हातून वाया.
त्या पदर खोचून आल्या, माझ्या हातातलं खोरं घेतलं. दोन फावडी माती ओढली आणि पाणी गपगुमान वळलं. मग म्हणाल्या, तुमी तकडं बांधावर बसा. शेळी धरा, गव्हात तोंड घालती.
तेव्हापासून शेळी धरून बसलोय. दोरी मनगटाला गुंडाळलीय, गाठ मारलेली नाही.
दुपारपर्यंत निम्मा गहू भिजला. ओंब्या हाताला भरीव लागल्या. बाई म्हणाल्या, वाचंल.
मगाशी त्या भाकरीचं फडकं सोडून शेजारी बसल्या. अर्धी मला दिली, वर लसणाची चटणी. म्हणाल्या, पोरं कुठायत आज. म्हणालो, कॅम्पला गेली, नरसिंहपूरला. म्हणाल्या, मग तुमाला न्हाय नेलं?
गुडघा म्हणणार होतो.
म्हणालो, नेण्यासारखा नाही मी, बाई.
त्यांनी घास चावून संपवला. म्हणाल्या, व्हय. दोरी आखूड धरा.