पडदा हलतो, धनेश थिजतो

२ नोव्हेंबर, रविवार, दुपारी
धनेशचा मेलबर्नहून व्हिडिओ कॉल. मांजराचं ऑपरेशन, नवी गाडी, सगळं सांगितलं. मी विचारलं, बाबांच्या वर्षश्राद्धाचं तिकीट काढलंस का? नेमका तेव्हाच बिचारा स्क्रीनवर थिजला. तोंड अर्धं उघडं, एक हात वर. पहिलीतल्या फोटोत अगदी अस्साच आहे. मग कॉल कट. मेसेज आला, 'सॉरी मम्मी, नेट गंडलं.'
या नेटच्या कंपनीला सोडायचं नाही.

३ नोव्हेंबर
वाचून काढलं. सरकारचा नियमच आहे. नेटवरून जाणाऱ्या सगळ्यांना सारखी वागणूक. एकाला पुढे सोडायचं, दुसऱ्याला मुद्दाम रखडवायचं, हे चालणार नाही. कॉन्व्हेंटमध्ये पाण्याच्या नळाशी सिस्टर बर्नडेट उभ्या राहायच्या. कलेक्टरची मुलगी असो की शिपायाची, रांग एकच. डोळे भरून आले. सिस्टर असत्या तर धनेश असा अडकला नसता.
उद्या सकाळी तक्रार.

६ नोव्हेंबर
तक्रार आज केली. मध्ये गुडघा दुखत होता. कस्टमर केअरची मुलगी म्हणाली, "मॅम, आपके एरिया में नेट एकदम ठीक है." मी तिला नियम इंग्रजीत ऐकवला, एलोक्युशनच्या स्पर्धेत म्हणायचे तशा स्वच्छ उच्चारांत. 'हॅव अ नाइस डे' म्हणून तिने फोन ठेवला. घाबरली असावी.

९ नोव्हेंबर, रविवार
मांजर बरं आहे. तिकिटाचं विचारलं, धनेश थिजला. पण आज मी नीट पाहिलं. त्याच्या मागचा खिडकीचा पडदा चांगला हलत होता. म्हणजे कंपनी पडद्याला सोडते आणि माझ्या मुलाला अडवते! याहून मोठा भेदभाव कोणता?
शेजारच्या मालतीबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो, पडद्याला कुणी काही विचारत नाही ना!" टेक्निकल गोष्टी त्यांना कळत नाहीत.

१३ नोव्हेंबर
कंपनीचा मिथुन येऊन गेला. टीव्हीवर पिक्चर लावून दाखवलं. "बघा मॅडम, लोण्यासारखं चाललंय. टेन्शन नाय घ्यायचं." मी म्हटलं, हाच तर पुरावा. पिक्चरमधला परका मुलगा धावतो, माझा थांबतो. त्याने मोठा प्लॅन सुचवला. मी चहा दिला.
संध्याकाळी शिरवण्याहून धाकट्या दिरांचा, हरेशभाऊजींचा फोन. "वैनी, श्राद्धाला धनेश बसतोय का मी बसू? भटजी इचारतंय." ठणकावून सांगितलं, मुलगाच बसणार. तिकिटाचं तेवढं नेटमुळे कळत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार
विजय! अख्ख्या कॉलमध्ये धनेश एकदाही थांबला नाही. हसला, मांजर दाखवलं, 'मम्मी, बारीक झालीस' म्हणाला. कंपनी ताळ्यावर आली.
तिकिटाचा विषय मी काढला नाही. चांगलं चाललेलं नेट कशाला ताणायचं?

२३ नोव्हेंबर, रविवार
त्याची रजई उन्हात टाकली. खोली झाडून घेतली. विचारायचं राहिलं.
पुढच्या रविवारी नक्की.

३० नोव्हेंबर, रविवार
विचारलं.
धनेश थिजला नाही. खाली बघत म्हणाला, "मम्मी, मी येत नाहीये. काकांना बसू दे. मी बेल वाजवणार आणि दार उघडायला बाबा नसणार... मला नाही जमणार. आणि ते नेटचं मी तुला—"
चित्र इतकं स्वच्छ होतं की त्याच्या दाढीतला पांढरा केस दिसला. ह्यांनाही पहिला तिथेच आला होता.
मी म्हटलं, "हॅलो? धनू, आवाज तुटतोय रे."
"मम्मी, ऐकू येतंय का तुला?"
मी 'नाही' म्हटलं आणि फोन ठेवला.
मग भाऊजींना फोन केला. म्हटलं, तुम्हीच बसा, इथे नेट फार खराब आहे. ते म्हणाले, "वैनी, जेवल्या का तुमी?"