अडकलेल्याला आधी सांगायचं

प्रिय बाबा,

एकाच घरात राहून पत्र लिहितेय म्हणून हसाल. हसा. समोर बसून काही काढलं की तुम्ही चटकन विषय बदलता. म्हणून तुम्ही जिला भुणभुण म्हणता ती आज कागदावर.

परवा तुम्ही विचारलंत, ऑफिसात रोज कशावरून भांडतेस. सांगते. कॉम्प्युटरमध्ये पडद्यावरची चित्रं काढणारी एक चिप असते. आम्ही बनवतो तो ड्रायव्हर म्हणजे ती चिप आणि प्रोग्राम यांच्यामधला निरोप्या. कधी कधी चिप मध्येच गोठते. ड्रायव्हर तिला झटकून पुन्हा चालू करतो, पण प्रोग्रामला त्याचा पत्ताच नसतो. त्याने दिलेलं काम केव्हाच पुसलं गेलेलं, आणि हा बापडा त्याचीच वाट बघत बसतो. साहेब म्हणतात, गुपचूप चालू करा, उगाच बोभाटा कशाला. मी म्हणते, त्याला स्पष्ट कळवा. चिप अडकली होती, ती तुझ्यामुळे की दुसऱ्याच कुणामुळे, आणि हातातलं गेलं, आता नव्याने मांड.

हे मी शिकले तुमच्याकडेच. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्यात. पाना उचलायच्या आधी दाराच्या फटीला तोंड लावून आतल्यांना सांगायचात, लिफ्ट अडकलीय, तुमची काही चूक नाही, बटणं दाबू नका, मी दाराशीच आहे.

बाबा, मला भीती वाटतेय. हल्ली तुम्ही बोलता बोलता मध्येच थांबता. चहाचा कप हातात तसाच, नजर भिंतीवर. कप कलतो, चहा सांडतो, आणि मग तुम्ही अर्धं राहिलेलं वाक्य तिथूनच पुढे नेता. टेबल ओलं दिसलं की आईला रागावता, कप एवढा काठोकाठ का भरतेस म्हणून. ती फडकं आणून पुसते. मीही मागचंच बोलणं पुढे नेते, जणू काही झालंच नाही.

मंगळवारी माझ्या लेकीला पोहण्याच्या क्लासला नेताना सिग्नल हिरवा झाला आणि तुमचा पाय ब्रेकवरच राहिला. मागून हॉर्नवर हॉर्न. तुमची नात घरी येऊन खुशीत सांगत होती की आजोबा गाडीत स्टॅच्यू खेळतात. पाय ब्रेकवर होता म्हणून निभावलं. गाडी वेगात असती तर, हा विचार काही केल्या डोक्यातून जात नाही.

कालपासून तुम्ही गाडीची किल्ली शोधताय. ड्रॉवर उपसलेत, खिसे उलटे केलेत, आणि मघाशी आईला म्हणालात, माझं डोकं आता कामातून गेलं. ते ऐकून मला राहवेना. किल्ली तुम्ही हरवलेली नाही. ती माझ्या पर्समध्ये आहे. तुम्ही मध्ये मध्ये अडकता, बाबा, आणि ते तुम्हाला कळत नाही. त्यात तुमची काही चूक नाही. उद्या सकाळी डॉक्टरांकडे जायचंय, गाडी मी चालवेन. तोवर बटणं दाबू नका. मी दाराशीच आहे.

तुमचीच,
भुणभुण